गोठ्याच्या पाण्यासाठी एच-टू-एस बाटली: वाट सापडते, चोर नाही

एच-टू-एस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. तो तयार करणारे जंतू असले, की आत औषधाची पट्टी असलेल्या या बाटलीतलं पाणी काळं पडतं. २० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, वाट बघा. ४८ तासांच्या आत पाणी काळं पडलं, तर त्यात शेणाघाणीतले जंतू असण्याची दाट शक्यता. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेली ही साधी तपासणी पिण्याच्या पाण्यासाठी आहे. गोठ्यातही ती चांगली चालते, पण एक बाटली घेऊन नाही.

हौदाची बाटली काळी येणारच. ढोरं तोंड घालतात, लाळ गळते, कुटार पडतं, शेणाचे शिंतोडे उडतात. त्यातून नवीन काही कळत नाही. म्हणून एकाच सकाळी पाच भरा: विहीर किंवा बोअर, वरची टाकी, हौदावरचा नळ, हौद, आणि पाचवीत उकळून गार केलेलं पाणी. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. बाटली विसळू नका, आतली औषधाची पट्टी वाया जाते. खूण दिसत नसेल तर नव्या सिरिंजने मोजा.

विहिरीची साफ नि टाकीची काळी, तर टाकीचं झाकण नि तळाचा गाळ बघा. टाकीची साफ नि नळाची काळी, तर पाइप कुठेतरी फुटून शेणपाण्यात पडला असेल. विहिरीचीच काळी आली तर उकिरडा किती लांब आणि गोठ्याचा उतार कुणीकडे, ते आधी. आपल्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून सरळ खाली जातं, तेव्हा जूनमध्ये तपासणी चुकवू नये. पाचवी काळी पडली तर सगळ्याच बाटल्यांवरचा भरवसा सोडा.

फसगत तीन ठिकाणी होते. बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असेल तर बाटली तासाभरात काळी पडते. तो जंतूंचा पुरावा नव्हे. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर लगेच नमुना घेतला तर पाणी खोटंच साफ दिसतं. आणि थंडी! ३० ते ३७ अंशांची ऊब लागते. डिसेंबरात बाटल्या घोंगडीत गुंडाळून चुलीच्या खोलीत ठेवा. मे महिन्यात उलट, पत्र्याखाली अजिबात नको. पाणी नुसतं पिवळसर-तपकिरी झालं तर ते औषधाचं, काळं तेवढंच धरा.

ही बाटली जंतूचं नाव सांगत नाही. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सहसा एच-टू-एस वायू तयारच करत नाही, बाटली काळी होते ती त्याच्या सोबत्यांमुळे. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांत ज्याचा माग काढतात तो ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार निरोगी जनावराच्या आतड्यातही राहतो नि हौदाच्या गाळात महिनोन् महिने टिकतो. तो ओळखायला प्रयोगशाळाच हवी: सॉर्बिटॉल मॅकॉन्की आगर या जंतू वाढवायच्या थरावर त्याच्या वसाहती बिनरंगी दिसतात. नमुना बर्फात, त्याच दिवशी पोचवा.

काळी बाटली हुंगू नका. मोकळ्यावर चमचाभर टीसीएल टाकून अर्धा तास ठेवा, मग विहिरीपासून लांब पुरा.