येझोव की बेरिया : आधी कोणाला वाचावं?

स्टालिनच्या आतल्या वर्तुळातला एकच माणूस नीट अभ्यासायचा, असं ठरवलं की बहुतेक जण लाव्रेंती बेरियाकडे वळतात. माझा आग्रह निकोलाय येझोवपासून सुरुवात करण्याचा आहे.

येझोवची सत्ता जेमतेम दोन वर्षांची, त्यामुळे चढण आणि घसरण एका नजरेत दिसते. सप्टेंबर १९३६ मध्ये यागोदाला हटवून स्टालिनने त्याला एनकेव्हीडीचा, म्हणजे गृहखात्याचा आणि गुप्त पोलिसांचा प्रमुख केलं. ३० जुलै १९३७ च्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशाने प्रत्येक प्रांताला आकडे वाटून दिले : इतक्यांना गोळ्या घाला, इतक्यांना छावण्यांत धाडा. पहिल्या गटात, म्हणजे गोळ्या घालायच्या यादीत, सुरुवातीला सुमारे ७६ हजार माणसं होती. प्रांतांनी आकडा वाढवून मागितला, मॉस्कोने दिला. सरकारी नोंदींनुसारच १९३७-३८ मध्ये ६ लाख ८१ हजारांहून अधिक लोक मारले गेले. रशियन लोक त्या काळाला ‘येझोवश्चिना’ म्हणतात. नाव येझोवचं लागलं, पण मोठमोठ्या याद्यांवर सह्या स्टालिनच्याही आहेत. म्हणूनच मला हे प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. धन्याने काम करवून घेतलं आणि दोष नोकराच्या माथी मारला. एप्रिल १९३९ मध्ये अटक, फेब्रुवारी १९४० मध्ये गोळी. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावरच्या फोटोत तो स्टालिनशेजारी होता. नंतर त्याला खोडून तिथे पाणी दाखवलं गेलं. ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले की आजही माझ्या पोटात खड्डा पडतो.

येझोवनंतर एनकेव्हीडीचा प्रमुख झालेल्या बेरियाचा पसारा फार मोठा. कातिनचं हत्याकांड (कैदेतल्या पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक हत्या), १९४४ मधली कॉकेशसच्या चेचेन-इंगुश लोकांची हद्दपारी, १९४९ चा सोव्हिएत अणुबॉम्ब, सगळीकडे तोच. शिवाय स्टालिन गेल्यावर सोव्हिएत नेत्यांना मारण्याचा कट केल्याचा डॉक्टरांवरचा बनावट खटला मागे घेण्यातही त्याचाच पुढाकार. हा गुंता सोडवायला सवड हवी. त्याला पाडलं ते स्टालिनने नव्हे, तर ख्रुश्चेव आणि इतर घाबरलेल्या सहकाऱ्यांनी, २६ जून १९५३ ला. हुकूमशहा मेल्यावर वारसांत काय होतं, हा तुमचा प्रश्न असेल तर मात्र बेरियाच घ्या.

वेळ अगदीच थोडा असेल तर ऑगस्ट ते नोव्हेंबर १९३८ एवढंच वाचा. त्या महिन्यांत बेरिया येझोवचा उपप्रमुख होता आणि दोघे लुब्यांका या मॉस्कोतल्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयात, एकाच इमारतीत बसत होते.