नऊ महिने, नऊ बॉक्स आणि साडेसहा पुस्तकं

आधीच सांगून टाकते, वय एक्केचाळीस आणि वाचते यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे वायए. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी म्हणून दुकानात वेगळ्या कपाटात ठेवतात तीच पुस्तकं. पूर्वी लपवायचे, कोणी विचारलं की भाचीसाठी घेतलंय म्हणायचे (भाची खरंच आहे, चौदा वर्षांची, ती येईलच पुढे). मग बोकर नावाच्या कंपनीच्या २०१२ च्या एका पाहणीबद्दल वाचलं, त्यात या पुस्तकांच्या खरेदीदारांतले ५५ टक्के अठराच्या वरचे निघाले होते आणि बहुतेक वेळा ते स्वतःलाच वाचायला घेत होते. तेव्हापासून लाज सोडली.

तर मंथली बुक बॉक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दर महिन्याला एक बॉक्स येतो, त्यात एक नवीन वायए कादंबरी आणि सोबत चार-पाच बारीकसारीक वस्तू. पुस्तक कुठलं ते आधी सांगत नाहीत, फक्त थीम सांगतात आणि एखादी हिंट देतात, म्हणजे समुद्र, शाप आणि दोन बहिणी वगैरे. मी थेट सहा महिन्यांचे पैसे आधीच भरले कारण महिन्याचा भाव त्यात कमी पडत होता, आणि हीच पहिली चूक. पहिले दोन बॉक्स बघून मग ठरवायला पाहिजे होतं.

वस्तूंचं पटकन उरकते कारण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. नऊ महिन्यांत बुकमार्क अठरा (मी एकावेळी एकच पुस्तक वाचते), सुगंधी मेणबत्त्या चार, त्यातल्या तिघींचा वास एकच आणि तो डोकं धरणारा, पिना, स्टिकर, कोणत्या तरी पात्राची चित्रं असलेली कार्डं, आणि ती पात्रं अशा पुस्तकांतली जी मी वाचलेलीच नाहीत. कापडी पिशवी मात्र रोज वापरते. बाकी सगळं एका खोक्यात पडलंय. माझं मत विचाराल तर फक्त पुस्तकाचा पर्याय असेल तर तोच घ्या, काही बॉक्सवाले देतात तसा.

पुस्तकाबद्दल मात्र मी तासभर बोलू शकते. या बॉक्समध्ये येते ती बऱ्याचदा खास त्यांच्यासाठी छापलेली आवृत्ती असते, कव्हर वेगळ्या रंगात, जॅकेट काढलं की आत पुठ्ठ्यावर सोनेरी फॉइलचं चित्र, आणि पानांच्या कडा रंगवलेल्या किंवा त्यावर डिझाइन छापलेलं. कडांचं एक लक्षात ठेवा, नवीन असताना पानं एकमेकांना चिकटलेली असतात, घाईने उघडलं तर रंगाचे टवके उडतात. आधी पूर्ण पुस्तक हळूहळू चाळून घ्यायचं, मग वाचायला बसायचं. मी पहिलं पुस्तक असंच खराब केलं.

आणि सही! मला वाटायचं लेखक एवढी जाडजूड पुस्तकं समोर रचून सह्या करत असेल. तसं नसतं. छपाईच्या आधी लेखकाकडे सुट्या पानांचे गठ्ठे पाठवतात, तो सह्या करून परत पाठवतो आणि मग ती पानं बाइंडिंगच्या वेळी पुस्तकात घालतात. हे कळल्यापासून मी आधी सहीच बघते. एका पुस्तकात सहीची शेवटची दोन अक्षरं म्हणजे नुसती सरळ रेघ होती, तेव्हा म्हटलं ही बाई बिचारी हजाराव्या पानावर पोचली असणार. काही महिन्यांत सही चिकटवायच्या स्टिकरवर येते, तिच्यात ती मजा नाही.

आता वाचनाचा हिशोब. नऊपैकी सहा पूर्ण वाचली, एक अर्धं, म्हणून वर साडेसहा लिहिलंय. एक आधीच विकत घेऊन वाचलेलं निघालं आणि एक चाळीस पानांत सोडलं. ते सोडलं कारण तोपर्यंत मला त्या साच्याचा कंटाळा आला होता, ओळीने चार महिने राजकन्या, तलवार, आणि ज्याला मारायला निघाली त्याच्याच प्रेमात. मला हा प्रकार आवडतो हो, खोटं कशाला बोलू, पण रोज गोड कोण खाणार. फॅन्टसीची कव्हरं सुंदर होतात आणि बॉक्सच्या फोटोत ती शोभून दिसतात, म्हणून निवडणारे तिकडेच झुकत असतील असा माझा संशय आहे. शाळा, घरातली भांडणं, मैत्रीण तुटणं, यावरची साधी गोष्ट नऊ महिन्यांत दोनदाच आली. आणि वायएची सुरुवात तर तिथूनच मानतात ना, एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली 'द आउटसायडर्स' ही कादंबरी १९६७ मध्ये आली तेव्हा हिंटन अठराची होती, आणि त्या कादंबरीत ना राजवाडा ना जादू, दोन टोळ्यांतली पोरं आणि त्यांचे भाऊ. असो.

पण त्या दोनातलं एक पुस्तक, पाचव्या महिन्यातलं, त्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले. बॉक्स उघडला, पुस्तक उघडलं आणि बघते तर पूर्ण कादंबरी मुक्तछंदात. छोट्या छोट्या ओळी, अर्धी पानं कोरी. मनात म्हटलं गेले पैसे पाण्यात. कविता म्हटलं की माझं आणि तिचं शाळेपासून वाकडं. दुकानात असतं तर हातात घेऊन परत ठेवलंच असतं. त्या दिवशी दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून सुरू केलं आणि रात्री दीडला संपवलं. मुलीची आई आजारी असते आणि मुलगी ते कोणालाच सांगत नाही, एवढीच गोष्ट, पण जिथे ती गप्प बसते तिथे पान पण गप्प बसतं, खाली नुसती पांढरी जागा. नंतर मी त्या प्रकारातली आणखी तीन पुस्तकं स्वतः शोधून घेतली. माझ्या आवडीचं मला शोधता येतंच, त्यासाठी बॉक्स नको. जे मी कधीच उचललं नसतं ते दुसऱ्या कोणीतरी हातात ठेवलं, बॉक्सचे पैसे मी त्याचे मोजले असं आता धरते. नऊ महिन्यांत असं एकदाच झालं हेही खरं.

मध्येच एक महिना भाचीच्या वाढदिवसाला वेगळ्या प्रकारचा बॉक्स मागवला होता, ज्यात वस्तू कागदात गुंडाळून त्यावर पान नंबर लिहिलेला असतो, त्या पानावर पोचल्याशिवाय उघडायची नाही. मला वाटलं पोरगी पाच मिनिटांत सगळं फाडून बसेल. तर तिने चक्क एकेक करून उघडलं. २११ नंबरच्या पाकिटात घडी घातलेलं पत्र होतं, गोष्टीतल्या मुलीला तिच्या भावाचं येतं तेच, हाताने लिहिल्यासारखं. तिने फोन केला आणि काही न बोलता ते पूर्ण वाचून दाखवलं, शेवटी म्हणाली मावशी तो परत येणार नाहीये ना. मी पुस्तक वाचलंच नव्हतं, मी काय सांगणार. हा प्रकार मुलांना द्यायला मात्र नक्की घ्या.

आता तक्रारी. ऑटो रिन्यूअल. सहा महिने संपले त्याच रात्री पुढच्या तीन महिन्यांचे पैसे कापले गेले, मेल आली होती म्हणे, ती प्रमोशनच्या ढिगात. म्हणूनच हे नऊ महिने, नाहीतर सहाच असते. ही युक्ती काही आजची नाही, अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब १९२६ मध्ये सुरू झाला, तिथे नको असल्याचं कार्ड वेळेत पाठवलं नाही की पुस्तक घरी यायचंच. या असल्या योजनांसाठी तिथे १९७३ मध्ये सरकारी नियमही करावा लागला. तेव्हा निदान कार्ड तरी समोर दिसत असेल! माझा सल्ला, पैसे भरतानाच कॅलेंडरमध्ये रिन्यूअलच्या आठ दिवस आधीची आठवण लावा, आणि कॅन्सलचं बटण कुठे आहे ते पैसे भरायच्या आधी शोधा, नंतर नाही. मला ते तीन मेन्यूंच्या आत सापडलं. एकदा पुस्तकाचा कोपरा दुमडून आला, फोटो पाठवला तर दुसरं पुस्तक दिलं नाही, आणखी एक मेणबत्ती पाठवली. तीच ती चौथी.

दुसरं म्हणजे मालिका. बॉक्समध्ये पहिला भाग भरपूर वेळा येतो, माझ्या नऊपैकी पाच पहिलेच भाग. दुसरा भाग त्याच बॉक्समध्ये, त्याच डिझाइनमध्ये येईल याची काही खात्री नसते, आणि आला तरी वर्षभराने, तोपर्यंत कोण कोणाचा भाऊ ते विसरलेलं असतं.

सध्या सबस्क्रिप्शन बंद केलंय. पण त्यांची थीमची मेल अजून येते आणि ती मी वाचते, कारण एकेक सुटा बॉक्स पण घेता येतो हे मला आठव्या महिन्यात कळलं. फॅन्टसी दिसली की सोडून देते, गोष्ट साधी वाटली तर घेईन. त्या समुद्र आणि दोन बहिणींचा दुसरा भाग पुढच्या महिन्यात येतोय, या बॉक्समध्ये नाही, दुकानात. भाचीला थांबायचं नाहीये, त्यामुळे साध्या कव्हरचा घेणार आहे, शेल्फवर पहिल्या भागाशेजारी तो दोन बोटं बुटका दिसेल, दिसू दे.