वृद्धांच्या मेंदूचा अभ्यास: एमआरआय की पेट?

साठीपुढच्या लोकांमधील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास आखताना पैशांआधी प्रश्न पडतो तो यंत्राचा. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते: स्मरणशक्ती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग किती आक्रसला आहे, बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने मेंदूच्या पांढऱ्या भागात किती डाग पडले आहेत, रुग्णाच्या ध्यानीही न आलेला एखादा छोटा पक्षाघात होऊन गेला आहे का. अमायलॉइड पेटमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून केलेल्या तपासणीत, मात्र अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड हे प्रथिनच दिसते, आणि तेही लक्षणे दिसू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी.

एवढ्यावरून पेट सरस ठरवण्याची घाई करू नये. विसरभोळेपणाचा लवलेश नसलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडते. शिवाय मधुमेह आणि रक्तदाबामुळे रक्तवाहिन्यांची होणारी हानी या तपासणीत दिसत नाही, आणि आपल्याकडे तीच दुर्लक्षून चालणार नाही. व्यवहाराची अडचण वेगळीच आहे. पेटच्या औषधातल्या किरणोत्सर्गी कार्बन-११ चे अर्धायुष्य (निम्मे विरून जायला लागणारा वेळ) जेमतेम २० मिनिटांचे असल्याने त्यासाठी सायक्लोट्रॉन, म्हणजे ते तयार करणारे यंत्र, आवारातच लागतो. त्याऐवजी वापरता येणाऱ्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे आहे, म्हणून ते शहरातल्या दुसऱ्या केंद्रातून आणता येते. तरीही गावाकडून निघालेल्या आजीबाईंची एसटी दोन तास उशिरा पोचली, तर कुपीतले निम्म्याहून अधिक औषध वाया गेलेले असते.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसल्याने तीच तपासणी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा करता येते, आणि वार्धक्याच्या अभ्यासात हा फायदा मोठा आहे. नेदरलँड्समध्ये वयस्कांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या रॉटरडॅम अभ्यासाने २००५ पासून एमआरआय आपल्या मूळ आराखड्यातच घेतला. पण या यंत्राची एक खोड फारशी कोणी सांगत नाही: तपासणी चालू असताना डोके किंचित हलले, तरी मोजमापात मेंदूचा करडा थर प्रत्यक्षापेक्षा पातळ भरतो. कंप असलेले किंवा गोंधळलेले रुग्ण जास्त हलतात, म्हणजे चूक नेमकी आजाराच्याच बाजूला झुकते आणि निष्कर्ष खरा असल्यासारखा भासतो. अभ्यासाच्या मध्येच यंत्र बदलल्यासही असाच घोळ होतो.

सीटी स्कॅन स्वस्त आहे, जुना पेसमेकर बसवलेल्यांनाही चालतो. मात्र सूक्ष्म बदल मोजायला तो अपुरा पडतो.

माझे मत असे, की शक्य त्या सर्वांचा एमआरआय करावा आणि पेट त्यांतल्या एका लहान गटापुरते ठेवावे. हा गट चिठ्ठ्या टाकून निवडावा. आपणहून पुढे येणारे बहुधा अधिक शिकलेले आणि धडधाकट असतात, त्यामुळे त्यांच्यावरून गावाचा अंदाज बांधता येत नाही.

एमआरआय निवडल्यास आणखी एक तयारी लागते. रॉटरडॅममधल्याच २,००० जणांच्या तपासणीत १.८ टक्के लोकांच्या मेंदूत धमनीचा फुगा आणि १.६ टक्के लोकांत सौम्य गाठ अनपेक्षितपणे आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. असे काही निघाल्यास ते कळवावे का, हे संमतिपत्रातच विचारून घ्यावे, आणि अशा व्यक्तीला कोणत्या न्यूरोसर्जनकडे पाठवायचे ते पहिल्या तपासणीआधीच ठरवून ठेवावे.