मंदी एकच, फटका वेगळा: जर्मनी आणि स्पेन

2008 च्या मंदीबद्दल बोलताना सगळे जीडीपी किती पडला एवढंच बघतात, पण जर्मनी आणि स्पेन शेजारी ठेवून बघा, चित्र एकदम उलटं दिसतं. 2009 मध्ये जर्मनीचा जीडीपी 5 टक्क्यांहून जास्त घसरला, स्पेनचा 4 टक्क्यांच्या आतच. कारण सरळ आहे, जर्मनी गाड्या आणि मशिनरी जगाला विकतो आणि त्या वर्षी जागतिक व्यापारच साधारण 12 टक्क्यांनी आटला, ऑर्डरीच बंद.

पण नोकऱ्या? जर्मनीत कुर्त्सआर्बाइट नावाची स्कीम होती, म्हणजे कंपनीने माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा साधारण 60 टक्के भाग सरकारी बेरोजगार विम्यातून द्यायचा, मुलं असतील तर 67. त्यामुळे बेरोजगारी फारशी वाढलीच नाही आणि चीनकडून मागणी परत आली तेव्हा अनुभवी कामगार जागेवरच होते.

स्पेनमध्ये बांधकामाचा फुगा फुटला, जवळपास एक तृतीयांश कामगार टेम्पररी काँट्रॅक्टवर, त्यांनाच आधी घरी पाठवलं. बेरोजगारी 2007 च्या 8 टक्क्यांवरून 2013 ला 26 वर गेली, तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त! युरो हे अनेक देशांचं मिळून एकच चलन, त्यामुळे एकट्या स्पेनला आपलं चलन स्वस्त करून निर्यात वाढवायचीही सोय नव्हती. माझ्या मते खरा मार स्पेननेच खाल्ला.