व्हिसा आला, तरी फसले

पैसे गेले ते गेले. पण ज्यांनी ते घेतले त्यांचे मी आभार मानले, तेही लेखी आणि पाच तारे देऊन, हे मला अजून पचत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

31 वर्षं मी वाईत भूगोल शिकवला. कॉफीच्या उत्पादनात पहिला ब्राझील, दुसरा व्हिएतनाम, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याला गणती नाही. पण व्हिएतनामची कॉफी नेमकी कुठल्या डोंगरात होते हे कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर वेळच वेळ. वाचता वाचता दा लात हे व्हिएतनामच्या डोंगरातलं शहर सापडलं. समुद्रसपाटीपासून साधारण 1,500 मीटर, म्हणजे आमच्या महाबळेश्वरपेक्षाही जरा वर. तिथेही स्ट्रॉबेरी, तिथेही धुकं, मैदानातली माणसं तिथेही थंडाव्याला जातात. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांना ही जागा सुचवली अलेक्झांद्र येरसँ या डॉक्टरने. तो 1893 साली त्या पठारावर पोचला, पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने प्लेगचा जंतू शोधला आणि 1897 साली प्लेगवरचं सीरम घेऊन तो आपल्या मुंबईत आला होता. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलेल्या माणसांच्या गोष्टी मी आजीकडून ऐकलेल्या. त्या काळात मुंबईत फिरणारा माणूस आणि हे कॉफीचे डोंगर एकाच धाग्यात आले म्हटल्यावर माझं ठरलंच. ह्यांना, नणंदेला आणि तिच्या यजमानांनाही मीच तयार केलं. आमच्याकडे प्रवासाची सगळी उस्तवार माझ्याकडे असते. "वहिनीने बघितलंय ना, मग झालं," असं नणंद म्हणते. हे वाक्य लक्षात ठेवा.

व्हिएतनाममध्ये बहुतेक कॉफी रोबस्टा जातीची, कमी उंचीवरची. अरेबिका ही दुसरी जात मोजकी, आणि तिचं नाव घेतलं जातं ते दा लातपासून वीसेक किलोमीटरवरच्या काउ दात या भागाचं. तिथली तोडणी पावसाळा संपला की सुरू होते. झाडावर लाल फळं आणि अंगणात वाळवणं असं दोन्ही बघायचं तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा गाठायला हवा होता, आणि मला हे सगळं सुचलं नोव्हेंबरच्या मध्यावर. तिकिटं घाईने काढली, मुंबई ते हो ची मिन्ह. व्हिसा आठवला तेव्हा हातात सोळा दिवस होते.

फोनवर "व्हिएतनाम ई-व्हिसा" असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं, ते मी पाहिलं नाही. पान उघडलं तर लाल झेंडा, पिवळा तारा, कोपऱ्यात राजमुद्रेसारखं काहीतरी. पत्त्यात व्हिएतनामही होतं, व्हिसाही होतं. अर्ज नीटनेटका. पासपोर्टच्या पानाचा फोटो मागितला, चष्म्याशिवायचा चेहरा मागितला, कुठल्या विमानतळावर उतरणार ते विचारलं. सरकारी अर्ज याहून वेगळं काय विचारतो? शेवटी माणशी 79 डॉलर. चौघांचे 316.

मी पैसे भरून टाकले. सरकारी दर किती, हे आधी बघायचं मला सुचलंच नाही. तो दर आहे एका प्रवेशाला 25 डॉलर आणि अनेक प्रवेशांना 50. ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो, त्यालाही तेवढेच. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी घेताना मी तीन ठिकाणी भाव विचारते.

दोन दिवसांनी मेल आला. फोटोंची पार्श्वभूमी योग्य नाही, दुरुस्ती आणि "जलद हाताळणी" मिळून माणशी 20 डॉलर, नाहीतर अर्ज रांगेत मागे जाईल. फोटो आमच्या वाईच्या फोटो स्टुडिओतले, पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोरचे. शंका आली होती. पण चौदा दिवस उरले होते आणि डोळ्यांसमोर लाल फळं होती. आणखी 80 डॉलर गेले. एकूण 396. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा कर धरून जवळपास 36,000 रुपये. सरळ मार्गाने हे काम 100 डॉलरमध्ये झालं असतं.

पाचव्या दिवशी चौघांचे व्हिसा मेलवर आले. खोटे नव्हते. व्हिएतनाम सरकारचे, बारकोड असलेले, खरे. इथेच मेख आहे. फसवणूक म्हणजे पैसे घेऊन पसार होणं अशी आपली समजूत असते. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका, हे मी कॉलनीतल्या सगळ्या आज्यांना पढवलंय. पण काम करून देणाऱ्यावर कोण संशय घेईल? त्याच मेलखाली लिहिलं होतं, सेवा आवडली असेल तर चार शब्द लिहा. मी चार नाही, चौदा ओळी लिहिल्या. ज्येष्ठ नागरिकांनी निर्धास्त यांच्याकडूनच व्हिसा काढावा, असं त्यात होतं. पाच तारे.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबई विमानतळावर नोकरीला आहे. किती आधी पोचायचं ते विचारायला त्याला फोन केला आणि कौतुकाने व्हिसे पाठवले. दहा मिनिटांत त्याचा फोन.

"बाई, किती भरले?"

मी आकडा सांगितला. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ते राहू दे आता. बाई, पासपोर्ट काढून बघा. तुमचं पूर्ण नाव काय आहे त्यावर?"

आपल्याकडच्या बहुतेक पासपोर्टांसारखंच. आडनावाच्या रकान्यात आडनाव, आणि नावाच्या रकान्यात माझं नाव व त्यापुढे ह्यांचं नाव. त्या संकेतस्थळाच्या अर्जात मात्र नाव आणि आडनाव एवढ्या दोनच चौकटी होत्या. मी माझं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, संपलं. चौघांचंही तसंच. पासपोर्टच्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे होता, पण ताडून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. व्हिसावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर विमान कंपनी मुंबईतच अडवू शकते, तिथून सुटलात तर पलीकडचा अधिकारी अडवेल. निघायला नऊ दिवस होते.

आता दुरुस्तीसाठी खऱ्या सरकारी स्थळावर जावं, तर तिथे आपला अर्ज शोधायला नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि अर्जात दिलेला ईमेल लागतो. अर्ज त्यांनी भरलेला, त्यामुळे ईमेल त्यांचा. म्हणजे व्हिसा माझ्या नावाचा आणि किल्ली त्यांच्या खिशात. त्यांना लिहिलं. उत्तर आलं की माहिती तुम्हीच चुकीची भरली, नवा अर्ज करावा लागेल, माणशी 79 डॉलर. जुनी गिऱ्हाइकं म्हणून पाच डॉलर सूट. सूट! आम्ही सरकारी असल्याचं भासवून पैसे घेतलेत, असं मी कळवलं तेव्हा त्यांनी त्यांच्याच पानाच्या तळाची एक ओळ पाठवली. करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं: आम्ही खासगी सेवा आहोत, कुठल्याही सरकारशी आमचा संबंध नाही. ओळ खरोखरच तिथे होती. मी मुलांच्या नकाशातली पुसट नदी शोधून काढायचे, आणि मला ती दिसली नव्हती.

बँकेत वादग्रस्त व्यवहाराचा अर्ज दिला. सेवा मिळाल्याचा पुरावा समोरच्याने सादर केला, म्हणून तो फेटाळला. पुराव्यात काय होतं? चार व्हिसे आणि माझं चौदा ओळींचं प्रशस्तिपत्र. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक जपून ठेवलाय. आमच्या चौघांच्या पासपोर्टच्या प्रती त्या लोकांकडे आहेत, म्हणून ती नोंद हवीच होती.

त्या रात्री नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, मी तरी कुठं विचारलं?" रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी स्थळावर नव्याने अर्ज केले. ओळखायची खूण सोपी आहे: स्थळाच्या नावाच्या, म्हणजे पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीच्या भागाच्या, अगदी शेवटी गव्ह डॉट व्हीएन हवं. शेवटी म्हणजे शेवटी. मधे कुठे तरी गव्ह हा शब्द घुसवलेली स्थळंही मी नंतर पाहिली. हे पान दिसायला अगदीच रुक्ष आहे, चकचकीत ते नकली निघालं. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर ताडून, दोघांनी वाचून भरलं. ईमेल माझा. माणशी 25 डॉलर, दुसऱ्या कुठल्याही कारणाने कुणी छदाम मागितला नाही. कामकाजाचे तीन दिवस म्हणतात, मधे शनिवार-रविवार आला, एक दिवस जास्त लागला. निघायच्या दोन दिवस आधी व्हिसे हातात पडले. तोवर ह्यांचा रक्तदाब आणि माझी झोप, दोन्हींचा बोजवारा उडाला होता.

याच धांदलीत आणखी एक निरोप आला होता, काउ दातच्या ज्या घरगुती मुक्कामाचं आरक्षण केलं होतं त्यांच्या नावाने. कार्डाची पडताळणी बारा तासांत करा नाहीतर खोली रद्द, आणि खाली लिंक. आधीची ठेच ताजी होती. मी लिंकला हात न लावता त्या घरी फोन लावला. मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांच्या मुलीने सांगितलं की त्यांच्या खात्यात कुणीतरी शिरलंय, दोन पाहुण्यांचे पैसे गेले. बारा तासांची मुदत बघितली की आता मी आधी चहा टाकते.

गेलो मात्र. हो ची मिन्हहून झोपायच्या बसने सात-आठ तास, वाटेत बाव लोकचा घाट, मग दी लिन्हचे रोबस्टाचे मळे, आणि हवा गार होत जाते तशी अरेबिका. लाल फळं मिळाली. तिथल्या को-हो या आदिवासी जमातीतल्या एका कुटुंबाच्या अंगणात वाळवणात हात घालून बसले होते मी, अर्धा तास. कॉफीची फळं वाळताना आंबूस, गुळासारखा वास येतो, तो कुठल्या पुस्तकात नाही. नणंदेच्या यजमानांनी बाजारातून "चोन" कॉफी घेतली, म्हणजे उदमांजराच्या पोटातून आलेली म्हणे, पाव किलो आणि तीही अशा भावात की उदमांजराला हसू यावं. मी काही बोलले नाही. मला आता कुणाला शहाणपण शिकवायचा अधिकार उरला नव्हता.

परत आल्यावर एक काम केलं. ते प्रशस्तिपत्र काढून टाका म्हणून त्या लोकांना लिहिलं. तीनदा लिहिलं. उत्तर नाही. ते त्यांच्याच पानावर असल्यामुळे मला पुसता येत नाही. परवा पुन्हा बघितलं. "महाराष्ट्रातील निवृत्त शिक्षिका" अशा मथळ्याखाली, माझ्या चौदा ओळींतल्या निवडक तीन, सगळ्यात वर लावल्या आहेत. मजकूर कुठे दिसला तर ती बाई मीच.