रिपग्रेप: शोध झटपट, पण $ तपासून वापरा

फाईलींमध्ये मजकूर शोधणारं, अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट या भाषेत लिहिलेलं रिपग्रेप हे कमांड-लाइन साधन वेगवान आहे, .गिटइग्नोर (गिटने दुर्लक्षित करायच्या फाईलींची यादी) पाळतं, देवनागरी मजकूरही व्यवस्थित शोधतं. मोठ्या प्रोजेक्टसाठी मी ते बिनदिक्कत सुचवेन. अडचण येते ती अँकरची, म्हणजे ओळीची सुरुवात (^) किंवा शेवट ($) दाखवणाऱ्या चिन्हांची, कारण तिथे कसलीही एरर न देता उत्तर चुकतं.

विंडोजवर बनलेली एक सीएसव्ही घ्या, शेवटचा रकाना गावाचा. 'पुणे' शोधलं तर ओळी मिळतात, 'पुणे$' शोधलं तर एकही नाही. अशा फाईलमध्ये ओळ कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड (एकत्र सीआरएलएफ) या दोन बाइटांनी संपते. रिपग्रेपचा $ मात्र फक्त लाइन फीडच्या लगेच आधी जुळतो, आणि तिथे 'पुणे' नसून कॅरेज रिटर्न असतो. रिकाम्या ओळींसाठीचा '^$' आणि अख्खी ओळ जुळवणारा -एक्स याच कारणाने फसतात. सर्वांत घातक, जुळलेल्या ओळी वगळणारा -व्ही: वगळायला सांगितलेल्या पुण्याच्या ओळी यादीत तशाच राहतात, आणि यादी भरलेली दिसल्यामुळे कुणाला शंका येत नाही.

यावर उपाय --सीआरएलएफ हा पर्याय. तो दिला की दोन्ही प्रकारचे ओळ-शेवट चालतात, त्यामुळे सरमिसळ झालेल्या फाईलचीही चिंता नाही. विंडोजवरसुद्धा तो आपोआप चालू नसतो, हे मला खटकतं. कायमचा हवा असेल तर कॉन्फिग फाईलमध्ये टाका. तिथे एका ओळीत एकच पर्याय लिहायचा, आणि फाईलचा पत्ता रिपग्रेप_कॉन्फिग_पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा.

शक्यतो आवृत्ती 14 किंवा पुढची घ्या. त्याआधी हा पर्याय दिल्यावर $ च्या जागी 'असल्यास कॅरेज रिटर्न, मग $' असा पॅटर्न आतून घातला जाई. शोध लागायचा, पण जुळलेल्या मजकुराची हद्द थोडी सरकू शकायची, आणि फक्त जुळलेला मजकूर दाखवणाऱ्या -ओ चं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला देताना तेवढंही महागात पडतं. आता पॅटर्न जुळवणारं रेगेक्स इंजिनच ओळीचा शेवट नीट ओळखतं.

लिनक्सवरच्या ग्नू ग्रेप या शोध-कमांडमध्ये $ ची हीच गत, आणि --सीआरएलएफसारखी सोयही नाही. शिवाय एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-8' म्हणून सेव्ह केलेल्या फाईलच्या सुरुवातीला 3 बाइटांचा बीओएम (एन्कोडिंग दाखवणारी अदृश्य खूण) असतो, त्यामुळे ग्रेपचा '^नाव' पहिल्याच ओळीवर चुकतो. रिपग्रेप बीओएम बाजूला काढून मग शोधतं, त्यामुळे शीर्षकाची ओळ बरोबर पकडतं. इथे ते सरळ सरस आहे.

--मल्टिलाइन हा अनेक ओळींत पसरलेला मजकूर शोधणारा पर्याय दिल्यावर ^ म्हणजे फाईलची सुरुवात, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, ^ आणि $ तेव्हाही ओळीपुरतेच असतात.

$ जुळत नसेल तर पॅटर्नशी झटापट करण्याआधी फाईलवर 'फाइल' ही तिचा प्रकार सांगणारी कमांड चालवा. उत्तरात सीआरएलएफ दिसलं, तर पॅटर्नला हात लावायची गरज नाही.