टेली-मानस (१४४१६): महाविद्यालयीन खेळाडूंच्या दृष्टीने

आंतरविद्यापीठ स्पर्धेची निवड चाचणी जवळ आली की खेळाडूवरचा ताण मैदानापुरता राहत नाही. बुडालेली प्रात्यक्षिके, कमी पडणारी हजेरी, एटीकेटीची चिंता आणि कुस्ती-कबड्डीत वजन उतरवण्यासाठी सोसलेली उपासमार हे सारे एकदमच अंगावर येते. प्रशिक्षकांजवळ मन मोकळे करावे, तर संघातली जागा जाण्याची भीती. म्हणूनच निवडीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाशी मराठीत बोलता येणे, हा मला टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज भासल्यास पुढे तज्ज्ञांकडे सोपवतात. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था या व्यवस्थेची शिखर संस्था आहे. २०२४ मध्ये टेली-मानसचे अ‍ॅपही आले, पण वसतिगृहातल्या साध्या फोनवरूनही काम भागते, हे अधिक महत्त्वाचे.

मी ज्या मुलींच्या संघासोबत काम करते, त्यातील एकीने गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर इथे फोन केला होता. मैदानाबाहेर काढावे लागणारे कित्येक महिने, हातून गेलेला हंगाम आणि ‘आता मी कोण?’ हा प्रश्न यांमुळे तिची झोप उडाली होती. समोरच्या व्यक्तीने घाई न करता ऐकून घेतले, झोपेची व जेवणाची चौकशी केली, एवढ्यानेही तिला धीर आला, असे तिने सांगितले.

मात्र ही क्रीडा मानसशास्त्राची खास सेवा नव्हे. सामन्यापूर्वीचे दडपण, वेळेचे व पैशाचे नियोजन, खेळ सुटल्यानंतरचे आयुष्य यांची तयारी एका फोनने होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘जीवन कौशल’ अभ्यासक्रमात संवाद, नेतृत्व अशा विषयांना स्थान आहे, पण ते तास खेळाडू सरावात किंवा दौऱ्यावर असतानाच झाले, तर त्याच्या पदरात काय पडणार? क्रीडा विभागांनी ते शिबिराच्या वेळापत्रकातच बसवावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

खेळाडूंनी १४४१६ हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवावा. जिवाला तातडीचा धोका असेल, तर मात्र ११२ वर फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे.